नादारीचा अर्ज कुठे मिळतो?

माननीय निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ आणि कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली



माझ्या वडिलांना हायस्कुलात नादारी होती. त्या पिढीतली माणसं हे वाक्य जरा ताठ बसून सांगत. घरात फी भरायची ऐपत नसेल तर हेडमास्तरांच्या नावे अर्ज करायचा, शाळेने चौकशी करायची आणि पूर्ण किंवा अर्धी फी माफ करायची. याला नादारी म्हणत. 'मला पूर्ण नादारी होती' याचा अर्थ 'घरात काही नव्हतं, तरी शिकलो'. त्यात लाज नव्हती.

हाच शब्द कोर्टाची पायरी चढला की काळवंडतो. तिथे तो दिवाळखोराचा सख्खा भाऊ होतो. २०१६ च्या कायद्याला मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात. शाळेत जी नादारी माझ्या वडिलांना मिळाली, ती कोर्टात सामान्य माणसाला का मिळत नाही, एवढंच विचारायला हे पत्र लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहितो त्यांनी आजवर सह्या केलेले सगळे कागद इंग्रजीत होते. निदान हा एक त्यांना वाचता यावा.

माझी ओळख थोडक्यात. एका बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वसुली विभागात. म्हणजे मी पलीकडच्या काठावरचा माणूस. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात दर गुरुवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. पेन्शन अडलेली, विम्याचा दावा नाकारलेला, वारसनोंद रखडलेली, अशी कामं.

गेल्या वर्षी तिथे एक मंडपवाला आला. वय चव्वेचाळीस. लग्नसराईत मंडप, खुर्च्या, स्पीकर, भांडी भाड्याने देण्याचा धंदा. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे ऐन हंगाम टाळेबंदीत गेले. बांबू भिजले, कापड उंदरांनी खाल्लं, हप्ते मात्र चालू राहिले. पहिला हप्ता चुकू नये म्हणून त्याने क्रेडिट कार्डावर पैसे उचलले, कार्ड भरायला मोबाइलच्या ॲपवर, ॲप भरायला पतसंस्थेतून आणि पतसंस्था भरायला पाहुण्यांकडून. त्याने वहीच आणली होती. बँक चार लाख दहा हजार. ओढून नेलेल्या टेम्पोची उरलेली मागणी नव्वद हजार. कार्ड एक लाख पस्तीस. दोन ॲप मिळून अठ्ठेचाळीस. पतसंस्था एक लाख वीस. आणि सोळा जणांचे हातउसने मिळून एक लाख बासष्ट हजार. बेरीज नऊ लाख पासष्ट हजार, म्हणजे दहा लाखांना पस्तीस हजार कमी. ही पस्तीस हजारांची रक्कम ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "साहेब, नादारीचा अर्ज कुठे मिळतो?" रेशन कार्डाचा फॉर्म कुठे मिळतो, असं विचारावं तितक्या साधेपणाने.

अकरा वर्षं वसुली केलेल्या मला उत्तर ठाऊक नव्हतं. नोटिसा कशा काढायच्या, दरखास्त कशी दाखल करायची, बेलिफाला घर कसं दाखवायचं, हे झोपेत सांगेन. समोरच्या माणसाला यातून कायदेशीर बाहेर पडायचा रस्ता आहे का, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मग मी शोधत गेलो. मंत्रिमहोदया, तुमच्या खात्याकडे त्याच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. ते कपाटात आहे.

संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. त्यात तीन वाटा आहेत. अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात', म्हणजे किरकोळ बिनतारण कर्जं तपासून थेट माफ. ज्याची थोडी कमाई आहे त्याच्यासाठी धनकोंशी बसून परतफेडीचा आराखडा. आणि तेही जमलं नाही तर दिवाळखोरीचा आदेश, मालमत्तेची वाटणी आणि शेवटी मुक्तता. अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि तो आत घेतला गेला की वसुलीला १८० दिवसांची स्थगिती. कायदा करणाऱ्यांनी माणसाचा विचार केला होता, हे बारकाव्यांतून कळतं. हत्यारं, धंद्याची साधनं, घरातलं आवश्यक सामान, धर्माच्या चालीनुसार अंगावरून काढता येत नाहीत असे ठरावीक किमतीपर्यंतचे दागिने यांना हात लावायचा नाही असं त्यात लिहिलं आहे. दिल्लीत बसून कोणालातरी मंगळसूत्र आठवलं, याचं मला बरं वाटलं.

पण हा भाग सामान्य माणसासाठी अजून लागूच केलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तुमच्याच खात्याने अधिसूचना काढली आणि १ डिसेंबर २०१९ पासून तो एकाच प्रकारच्या व्यक्तींना लागू झाला: कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणारे जामीनदार. म्हणजे कारखानदार, प्रवर्तक, संचालक. त्या अधिसूचनेला आव्हान मिळालं, ललित कुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ती वैध ठरवली, आणि दिलीप जिवराजका खटल्यात ९ नोव्हेंबर २०२३ रोजी संबंधित कलमंही. ते सगळं योग्यच झालं असेल. पण त्या खटल्यांत मंडपवाला कुठेच नव्हता. तीन वाटांपैकी पहिली, सर्वांत गरिबाची, कोणासाठीच उघडलेली नाही.

समजा, तुम्ही ती उद्या उघडली. तरी आत कोण शिरेल? कलम ८० वाचावं. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या वर नको. सगळी मालमत्ता मिळून २०,००० च्या वर नको. कर्ज ३५,००० च्या वर नको. आणि स्वतःचं घर नको, ते गहाण असलं तरी नको. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने कोणी वर्षात दोनशे दिवस काम केलं तर त्याची कमाई ६२,४०० होते आणि नव्या सुरुवातीच्या दृष्टीने तो श्रीमंत ठरतो. आमच्याकडे वाडीवस्तीवर ज्याच्या डोक्यावर आजोबांच्या काळचं गळकं कौलारू घर आहे, तोही बाहेर. मंडपवाल्याचं तर विचारूच नका. ज्या पस्तीस हजारांनी त्याचं कर्ज दहा लाखांना कमी पडतं, तेवढंच सगळं कर्ज असतं तर कायद्याने त्याच्याकडे पाहिलं असतं, आणि तेव्हाही घराचा उतारा मागून परत पाठवलं असतं.

दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण आमच्याच राज्यातलं. औरंगाबादेत वाढलेली व्हिडिओकॉन. तिच्यावरचे मान्य दावे ६४ हजार कोटींच्या वर होते. त्यांच्यापुढे सुमारे २,९६२ कोटींचा प्रस्ताव जून २०२१ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने मंजूर केला. मंजूर करताना, घेणारा जवळजवळ काहीच देत नाही, असं पीठानेच म्हटलं. पुढे अपिलात तो प्रस्ताव रद्द झाला, हेही सांगायला हवं. पण रुपयातले पाच पैसेही धनकोंच्या हाती येणार नव्हते असा आकडा टेबलावर मांडता येतो, त्यावर बँका मतदान करतात आणि कोणी कोणाला बुडव्या म्हणत नाही, हे मंडपवाल्याने पेपरात वाचलं होतं. नादारीचा अर्ज असतो हे त्याला कळलं ते तिथूनच.

आता आज उघडं असलेलं दार. ते इतकं जुनं आहे की ते उघडं आहे हेच लोक विसरले. २०१६ च्या संहितेत दोन जुने कायदे रद्द करण्याचं कलम आहे, पण तेही अंमलात आणलेलं नाही. म्हणून मुंबई शहरासाठी १९०९ चा नादारी कायदा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतीय नादारी कायदा आजही चालू आहे. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात जातो आणि मालमत्ता ऑफिशियल असायनीच्या ताब्यात जाते. आमच्याकडे जिल्हा न्यायालय.

मी एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी त्या कायद्याचं पुस्तक शोधलं. सापडलं, पण वाळवीने निम्मं खाल्लेलं. "आमच्या सासऱ्यांनी यातली एक केस चालवली होती," ते म्हणाले. कोर्टाच्या कचेरीत विचारलं तर तिथल्या बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग मंडपवाल्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "नक्की करायचंय का?" तब्येतीचं विचारावं तसं.

अटी सोप्या आहेत. कर्ज फेडता येत नाही हे खरं असावं आणि ते किमान पाचशे रुपयांचं असावं. १९२० मध्ये पाचशे ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एक गॅस सिलिंडरही येत नाही. कर्ज तेवढं नसलं, पण पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक झाली असेल किंवा जप्तीचा हुकूम चालू असेल, तरी अर्ज चालतो. अर्जात सगळ्या धनकोंची नावं, पत्ते आणि रकमा लिहायच्या. सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते लिहायचं. ही सारी मालमत्ता कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे, असं निवेदन द्यायचं. सोबत हिशेबाच्या वह्या.

अर्ज मंजूर झाला की मालमत्ता कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने ज्यावर जप्ती येत नाही ते राहतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि स्त्रीचे धर्माप्रमाणे न उतरवता येणारे दागिने. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी बिनतारण धनको वेगळा दावा लावू शकत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. धनकोंशी तडजोडीची तरतूदही आहे: संख्येने बहुमत आणि रकमेने तीन-चतुर्थांश तयार झाले आणि कोर्टाने मान्य केलं, तर ती सगळ्यांना बांधते.

आणि मुक्तता? कोर्टाने दिलेल्या मुदतीत तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहिला तर नादारीच रद्द होऊ शकते, आणि कित्येकांना हे कोणी सांगतच नाही. मुक्तता देताना कोर्ट पाहतं की मालमत्तेतून बिनतारण देण्याच्या रुपयामागे आठ आणे तरी निघतात का. नाही निघाले तर, ते माझ्या हातात नव्हतं, हे पटवावं लागतं. मंडपवाल्याला मी म्हटलं, "आठ आणे." त्याला आधी अर्थच कळला नाही. कळल्यावर हसला आणि म्हणाला, "चार आणेसुद्धा निघणार नाहीत, साहेब. पण टाळेबंदी मी नव्हती लावली."

हा कायदा काय करत नाही तेही त्याला सांगितलं, कारण आशेवर जगणाऱ्याला अर्धं सत्य सांगणं पाप आहे. तारण कर्ज तसंच राहतं. घर गहाण असेल तर बँक घरावर येते, सोनं तारण असेल तर सोनं जातं. चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला नादारीने थांबेल असं समजू नये. सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही. अर्जाच्या आधी भावाच्या नावे जमीन किंवा बायकोच्या नावे घर केलं, तर ते कोर्ट उलटवू शकतं. दोन वर्षांत केलेलं बिनमोबदला हस्तांतर तर नक्कीच नजरेत येतं. काही लपवलं तर शिक्षा. आणि मुक्तता मिळेपर्यंत माणूस संसदेत किंवा विधानसभेत बसायला अपात्र. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये तसं आहे. "ते एक बरं झालं," तो म्हणाला.

त्याची सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. वसुलीचा एक पोरगा फोनवर त्याच्या बायकोला म्हणाला होता की तुम्हाला पोलीस घेऊन जातील. तिने सहकर्जदार म्हणून सही केली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत स्त्रीला अटक करता येत नाही. हे एक वाक्य मी त्याला मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ते त्याने घरी नेऊन फ्रिजवर लावलं. पुरुषाच्या बाबतीतही, नुसत्या गरिबीपायी तुरुंग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवलं आहे. पण १९८० चा निकाल फ्रिजपर्यंत पोहोचायला कोणीतरी नेऊन लावावा लागतो.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांची शंका मला पाठ आहे. मीही ती वर्षानुवर्षं बोललो. सोय केली की लोक बुडवायला शिकतील. यावर मी एवढंच म्हणेन: अकरा वर्षांत ज्यांनी मला खरोखर फसवलं, त्यांच्यातला एकही धनकोंची यादी घेऊन माझ्यासमोर बसला नव्हता. बुडवणारा यादी करत नाही, फोन बदलतो. नादारीचा अर्ज म्हणजे स्वतःच्या हाताने सगळं उघडं करणं, आणि आपल्या समाजात त्याची किंमत फार मोठी आहे. दिवाळं निघालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरूनच दिवाळं हा शब्द आला, असं जुने लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, माणसं अजून त्या दिव्याला घाबरतात.

उलट आपण बुडवायला शिकवतो ते कर्जमाफीने. २००८ ची केंद्राची, २०१७ आणि २०१९ च्या आमच्या राज्याच्या. या माफ्यांनी अडलेल्या शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तो मी नाकारत नाही. माझ्या घरात सातबारा आहे. पण माफी येते ती राजकारणाच्या हवामानावर. ती माणसाकडे पाहत नाही, तारखेकडे पाहते. अमुक तारखेला थकबाकीदार असलेला सुटतो आणि बायकोचे दागिने विकून आदल्या महिन्यात भरलेला मूर्ख ठरतो. मंडपवाला, शिंपी, रिक्षावाला, भाजीवाली यांना तर माफी माहीतच नाही. नादारी याच्या उलट आहे. एकेकाची चौकशी, त्याचा हिशेब, त्याच्याकडे जे आहे त्यातून धनकोंना वाटा, आणि मग सुटका. अर्थखात्याला याहून शिस्तीचं दुसरं काय हवं?

आणि महाराष्ट्राला हे नवं नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि ते लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं. इंग्रजांनी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा केला. त्यात पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायला बंदी होती, आणि पन्नास रुपये देणं असलेल्या शेतकऱ्याला जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे नादारीचा अर्ज करता येत होता. परकं सरकार दंग्याला घाबरून का होईना, पण साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या जवळच्या कोर्टापर्यंत आलं. तुमच्या संहितेतली कर्जवसुली न्यायाधिकरणं महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर एवढ्याच ठिकाणी आहेत. पस्तीस हजारांचं कर्ज माफ करून घ्यायला गडचिरोलीच्या बाईने नागपूरला किती खेपा घालायच्या?

अर्ज भरायला मदत करणारं कोणी नाही, ही खरी अडचण. ती जागा रिकामी असल्याने तिथे भलतेच येऊन बसले आहेत. 'कर्जमुक्त करून देतो' असे फलक आता तालुक्यातही दिसतात. आधी फी घेतात, हप्ते बंद करायला सांगतात आणि पुढे फोन उचलत नाहीत. मंडपवाल्याने अशा एकाला अठरा हजार दिले होते. ते वहीत नव्हते. लाजेने लिहिले नव्हते.

माझ्या गुरुवारच्या खोलीत जे सांगतो ते इतर वाचकांसाठीही इथे लिहून ठेवतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे वकील मोफत मिळतो: स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता, इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. फोन १५१००. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनची वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहिती १४४४८ वर. एकरकमी परतफेडीची बोलणी स्वतः बँकेशी करा आणि लेखी पत्र हातात येईपर्यंत पैसा देऊ नका. पत अहवालात 'सेटल्ड' असा शेरा काही वर्षं राहील, हे गृहीत धरा. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे जा, पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर ती परत मिळू शकते. आणि नवं कर्ज काढून जुनं फेडायचं थांबवा. हे शेवटचं सगळ्यांना आधीच माहीत असतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तुमच्या 'नव्या सुरुवाती'सारखीच सोय आहे. तिथला अर्ज माणूस एकटा करत नाही, मान्यताप्राप्त सल्लागार त्याच्याजवळ बसून करतो. २०२४ मध्ये त्यांनी अर्जाची फी काढून टाकली आणि कर्जाची मर्यादा पन्नास हजार पौंडांपर्यंत नेली. आपली मर्यादा २०१६ च्या कागदावर आहे तिथेच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्या सरकारने संहितेच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं, तेव्हा चर्चा कानावर आली ती उद्योगसमूहांच्या नादारीची आणि देशाबाहेरच्या मालमत्तांची. तेही हवंच. पण माझी मागणी लहान आहे. तिसरा भाग सर्व व्यक्तींना लागू करणारी अधिसूचना काढा. कलम ८० च्या रकमा आजच्या मजुरीशी आणि आजच्या कर्जाशी जोडा, आणि राहत्या एका साध्या घराची अट काढा. छोटे अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालू द्या. अर्जाचा नमुना मराठीत आणि इतर भाषांत छापा, आणि प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तो भरून द्यायला एक माणूस बसवा. निवृत्त बँकवाले पुष्कळ आहेत. आमच्याकडे वेळ आहे, आणि फेडण्यासारखं थोडं आमचंही आहे.

मंडपवाल्याचा १९२० च्या कायद्याखालचा अर्ज आम्ही लिहितो आहोत. धनकोंच्या यादीत बावीस नावं आहेत. एकवीस लिहून झाली. बाविसावं त्याच्या सासऱ्याचं आहे, पंचवीस हजार. "हे सोडून चालणार नाही का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळीच लिहावी लागतात. तो वही मिटून उठला. येत्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणाला आहे. तोवर दिल्लीहून काही येईल, असं मी त्याला सांगितलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सातारा